तळघरातलं इंटरनेट

५ मार्च, बुधवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की ओरडू नका, वहीत लिहा. रक्तदाब उतरेल. मी म्हटलं, एवढ्या वह्या आणायच्या कुठून? ते हसले नाहीत. तर ही वही. रोज सकाळी बार उघडायच्या आधी लिहायचं आणि ज्या दिवशी डोकं थंड असेल त्या दिवशी सुट्टी. फार सुट्ट्या पडतील असं वाटत नाही.

आजचा राग असा. धाकट्यानं बारमध्ये इंटरनेट घेतलं. माझ्या सख्ख्या भावानं, अर्ध्या हिश्शाच्या भागीदारानं, मला न विचारता. परवा सोमवारी बार बंद होता आणि मी घरी पाय पसरून पडलो होतो. तेवढ्यात या पठ्ठ्यानं माणसं बोलावून छताला चार पांढऱ्या डब्या ठोकून घेतल्या. काल शटर वर केलं तर डोक्यावर हिरवे दिवे लुकलुकतायत. विचारलं, "हे काय आहे?" म्हणाला, "इंटरनेट, दादा. गिऱ्हाइकांसाठी." आणि आत कांदा चिरायला निघून गेला. मी मागून दहा गोष्टी बोललो. एकीलाही उत्तर नाही.

आमचा बार तळघरात आहे. रस्त्यावरून सोळा पायऱ्या उतरायच्या. बाराव्या पायरीला फोन मरतो. या रस्त्यावर आमच्याखेरीज सहा बार आहेत आणि सहाही दारांवर पाटी आहे, इथे इंटरनेट मिळेल. एकाकडे पहिला तास फुकट, एकाकडे दोन ग्लास घेतले की दिवसभर. लोक तिथं जातात आणि ज्यांना तिथून पळायचं असतं ते आमच्याकडे येतात. कोणाची बायको, कोणाचा साहेब, कोणाचा मेहुणा, एकाचाही फोन आमच्या पायऱ्या उतरू शकत नव्हता. सव्वीस वर्षं माणसं इथं निवांत बसली, भांडली, एकमेकांना थापा मारत राहिली. हे सगळं धाकट्यानं चार स्क्रूंत संपवलं.

८ मार्च, शनिवार

नुसतं इंटरनेट असतं तर गिळलंही असतं. खरी गोम वेगळीच आहे. त्यानं प्रत्येक टेबलावर एक काळंपांढरं चौकटीचं चित्र चिकटवलंय. गिऱ्हाइकानं फोन त्याच्यावर धरायचा, यादी येते, हवं ते दाबायचं. आत चुलीच्या वर एक पडदा लावलाय, त्यावर उमटतं: तीन नंबर, मासे दोन. मी विचारलं, "मग मी काय करायचं?" माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जणू माझे दात मोजतोय. शेवटी म्हणाला, "तू ग्लास भर."

ग्लास भर. मी. आमच्याकडे सव्वीस वर्षांत एक चिठ्ठी लिहिली गेली नाही. मी काउंटरला, माझ्या पाठीमागच्या भिंतीत खिडकी, खिडकीपलीकडे स्वयंपाकघर आणि तिथं धाकटा, चुलीकडे तोंड, आमच्याकडे पाठ. गिऱ्हाईक मला सांगणार आणि मी मान न वळवता हाक देणार. आतून जवाब येणार, "आलं." माझी हाक वर रस्त्यावर बसणाऱ्या चांभारापर्यंत जाते. तो म्हणतो, तुमच्याकडे आज काय खपतंय ते मला मालकापेक्षा आधी कळतं. नवीन माणसं पहिल्यांदा दचकतात, मग हसतात, मग मुद्दाम काहीतरी मागवतात, हाक ऐकायला. हा बार त्या हाकेवर उभा आहे, चार डब्यांवर नाही.

कबूल करतो, गेल्या हिवाळ्यापासून आतून "आलं" यायचं बंद झालं होतं. मी मनावर घेतलं नाही. माणूस सुस्तावतो.

११ मार्च, मंगळवार

रविवारी दुपारी बारमध्ये एकोणीस माणसं होती आणि आवाज फक्त धूर ओढायच्या पंख्याचा. सगळ्यांच्या माना खाली. दोन मित्र एकाच टेबलावर बसून एकमेकांना मेसेज पाठवत होते, मी मागून वाचलं. एक बाई लॅपटॉप उघडून सोडा घेऊन तीन तास बसली. मी टेबल पुसायच्या निमित्तानं चारदा गेलो. चारही वेळा तिनं "थँक्यू" म्हटलं. अशा माणसाचं काय करायचं?

वकिलांचे तर हाल. निवृत्त माणूस, पंधरा वर्षं रोज दुपारी कोपऱ्यात बसतोय. परवा त्यांच्या बायकोनं व्हिडिओवर फोन लावला आणि ग्लास कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं. मी म्हटलं, वकीलसाहेब, या डब्या तुमच्यामुळे तरी उतरवू. तर म्हणतात, "असू द्या हो. त्याला बरं पडतंय." त्याला म्हणजे धाकट्याला. मग उठून खिडकीशी गेले, दोघं समोरासमोर उभं राहून हळू आवाजात काही बोलले आणि खुदूखुदू हसले. वकिलांशी याच्या गप्पा रंगतात. मी हाका मारून घसा फोडला तरी पाठ वळत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

काल डोकं फिरलं. घरून निघताना विचारायचं होतं की मासे किती आणू. पाच वेळा फोन लावला, उचलला नाही. मग मेसेज आला: "लिहून पाठव ना दादा." लिहून पाठव. साहेब झालाय.

बारमध्ये गेलो तर हा आत मासे साफ करतोय आणि कानात काहीतरी खुपसलंय. कातडीच्या रंगाचं, छोटं, म्हणजे लपवायचंही आहे. इंटरनेट आलं ना, आता फुकटची गाणी. मला बघताच घाईनं काढून खिशात टाकलं. मी म्हटलं, "ऐक, ऐक, गाणी ऐक. दुकान बुडालं तरी ऐकत राहा." तो हसला. मी शिव्या देतोय आणि हा हसतोय.

तेव्हा मी शेवटचं सांगून टाकलं. तो परत माशांकडे वळला होता. मी दारातून म्हटलं, "नीट ऐकून घे. एकतीस तारखेपर्यंत या डब्या आणि तो पडदा खाली उतरला नाही, तर मी माझा हिस्सा काढून घेतो. तू आणि तुझं इंटरनेट सुखानं नांदा." पंखा गरगरत होता, पण माझा आवाज काही पंख्याला हार जाणारा नाही. तो खवले काढत राहिला. मी मेजावर हात आपटला तेव्हा वर बघितलं आणि म्हणाला, "बरं, दादा."

बरं, दादा. सव्वीस वर्षं एकत्र काढली आणि हा माणूस दोन शब्दांत मोकळा झाला. मला वाटलं होतं, निदान भांडेल. मला रात्रभर झोप लागली नाही हेही लिहून ठेवतो, डॉक्टरांनी खरं लिहा म्हणून सांगितलंय.

१६ मार्च, रविवार

लांब्या म्हणजे आमचा वाढपी. माझ्याच वयाचा, बांबूसारखा उंच, सहसा तोंड न उघडणारा. काल टेबलं मांडताना म्हणाला, "मालक, एकतीस तारखेचं त्यांच्यासमोर जाऊन परत एकदा सांगा ना."

मी म्हटलं, "एकदा सांगितलंय. मी मोठा आहे, दहादा जाऊन विनवण्या करू?"

"विनवण्या नाही हो. नुसतं समोर उभं राहून."

"तू टेबलं मांड."

त्यानं मांडली. सगळ्यांना धाकट्याचा पुळका. पडदा लागल्यापासून एक ताट परत आलं नाही, असंही जाता जाता ऐकवून गेला. मी काय आंधळा आहे? मलाही दिसतं. म्हणून तर जास्त राग येतो.

१९ मार्च, बुधवार

आज एक गोष्ट ध्यानात आली आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. हिवाळ्यापासून आतून चुकीची ताटं यायला लागली होती. मागवले मासे, आली अंडी. मी तेव्हा पंख्याला दोष दिला, वयाला दिला. पण आज शांतपणे एकेक प्रसंग आठवला. चुकायचं ते फक्त नव्या गिऱ्हाइकांचं. वकिलांचं कधीच नाही. चांभाराचं नाही. रोज येणाऱ्यांपैकी कोणाचंच नाही. खिडकीतून एकदा वळून बघायचा कोण बसलंय ते आणि त्यांचं बरोबर करून द्यायचा, माझी हाक संपायच्या आत.

म्हणजे काय झालं? म्हणजे याला सगळं नीट कळत होतं. नव्यांचं मुद्दाम चुकवत होता. माझ्या हाकेची पद्धत जुनी झाली, असं चारचौघांत ठरावं आणि यंत्र आणायला वाट मोकळी व्हावी म्हणून. सख्खा भाऊ.

रविवारी टीव्हीवर सामना आहे. दुपारी बार भरणार. बघतोच.

२४ मार्च, सोमवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

काल दुपारी साडेतीनला, बार गच्च भरलेला असताना, मी इंटरनेटची तार उपटली. ठरवून. म्हटलं, होऊन जाऊ दे. छतावरचे हिरवे दिवे गेले, लोकांनी कुरकुर केली. मी काउंटरवरून जाहीर केलं, "आज जुन्या पद्धतीनं. मला सांगा." लोकांना गंमत वाटली. मला तर दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. पोटातून आवाज काढून हाक दिली, "सात नंबर, मासे चार, दोन कमी तिखट." मग, "दोन नंबर, अंडी तीन." मग, "पाच नंबर, बटाटा, मीठ वेगळं."

आतून काही नाही. पाच मिनिटांनी खिडकीत चार ताटं आली. वकिलांचे मासे, चांभाराची अंडी, आणखी दोघा रोजच्यांचं नेहमीचं. त्यांच्यापैकी कोणीही काही मागवलं नव्हतं. सात नंबरवाले ओरडायला लागले. मी पुन्हा हाक दिली. पुन्हा तेच. कोणीतरी हसलं. कोण ते मला माहीत नाही, पण ते हसू माझ्यावर होतं.

मी आत गेलो. तो चुलीशी, माझ्याकडे पाठ. पडदा काळा पडलेला आणि हा त्याच्याकडे बघत कढई हलवतोय. मी त्याच्या मागे दोन हातांवर उभा राहून बोललो. खिडकी उघडी, बाहेर चाळीस माणसं. काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. "तुला सव्वीस वर्षं मी पोसला. तू भाऊ नसतास तर भांडी घासायलाही ठेवला नसता. तू आहेस म्हणून मला दुसरा आचारी आणता येत नाही. मर एकदाचा."

बाहेर सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. टीव्हीवरचा सामना सोडून. वकील खिडकीशी येऊन म्हणाले, "पुरे करा. त्याला ऐकू येत नाहीये."

मी म्हटलं, "सगळं ऐकू येतं. नाटकं आहेत." आणि हे सिद्ध करायला मी मोठी पितळी परात उचलली आणि त्याच्या पाठीमागे फरशीवर आपटली.

बाहेरची माणसं खुर्चीतून उठली. लांब्याच्या हातातला ग्लास सांडला. माझे स्वतःचे कान बधिर झाले.

धाकट्याची पाठ हललीसुद्धा नाही. तो कढईत मीठ घालत होता.

परात गरगरत जाऊन त्याच्या पायाला लागली तेव्हा त्यानं खाली बघितलं. मग वळून माझ्याकडे. मग खिडकीतून लोकांच्या चेहऱ्यांकडे. "काय झालं?" त्यानं विचारलं. एकानंही तोंड उघडलं नाही. त्यानं मला विचारलं, "दादा, काय म्हणालास?" मीही नाही उघडलं. त्यानं चूल बंद केली, ॲप्रन खुंटीला लावला आणि पायऱ्या चढून गेला. वकील त्याच्याबरोबर गेले.

२६ मार्च, बुधवार

काल तो आला नाही. मी बार उघडला आणि लोकांना शेंगदाणे दिले. कोणी तक्रार केली नाही, ते जास्त लागलं. इंटरनेटची तार परत लावून बघितली. दिवे लागले, पडदाही लागला, त्याच्यावर एकामागून एक पदार्थांची नावं येत राहिली आणि खाली चूल थंड.

चार वाजता भावजय आली. शाळेत शिकवते, थेट तिथूनच आली होती. खुर्ची दिली, बसली नाही.

"भाऊजी, दोन वर्षं झाली. आधी त्यांच्या कानातून मुलीचा आवाज गेला. बारीक आवाज आधी जातात म्हणे. मग माझा गेला. डॉक्टर म्हणाले, एवढी वर्षं त्या पंख्याखाली उभं राहिलं की असं होणारच. कानातलं यंत्र घेतलं, पण स्वयंपाकघरात ते लावलं की नुसता पंखाच मोठा होतो. अधूनमधून लावून बघतात, नाहीतर खिशात घेऊन फिरतात. तुमची हाक तेवढी यायची. घरी येऊन सांगायचे, दादाचं ऐकू येतंय तोवर माझं भागतंय."

मी म्हटलं, "मग?"

"मग हिवाळ्यात तीही तुटक यायला लागली. अर्धी हाक, पाव हाक. बाकीचं अंदाजानं करायचे. फेब्रुवारीत एक दिवस घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, आज दादापण गेला. मी घाबरले, म्हटलं तुम्हाला काही झालं. दुसऱ्या दिवशी हे इंटरनेटवाल्याकडे गेले."

"मला का सांगितलं नाही?" मी ओरडलो. बारभर ऐकू गेलं.

"हे असं म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही अख्ख्या रस्त्याला सांगितलं असतं. आणि त्यांना चुलीवरून उठवून काउंटरला बसवलं असतं, दया म्हणून."

मला तिचा राग आला. वकिलांचा आला, लांब्याचा आला. सगळ्यांना माहीत होतं, माझ्याखेरीज. मी लांब्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "आम्हाला कोणी सांगितलं नाही, मालक. बोलताना ते तोंडाकडे बघतात, त्यावरून कळलं." मी सव्वीस वर्षं मान न वळवता बोललो. हे लिहिताना ज्याचा राग येतोय तो दुसरा कोणी नाही, आणि त्याला कुठून बाहेर काढायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

काल स्वयंपाकघर उघडलं. मासे झाले. डब्या छताला आहेत आणि तिथंच राहतील. त्याआधी काय झालं ते लिहून ठेवतो.

सकाळी दहाला त्याच्या घरी गेलो. त्यानंच दार उघडलं. मी काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं आणि उंबऱ्यावरूनच सुरू झालो. त्यानं हात वर केला.

"ओरडू नकोस, दादा."

"मी ओरडत नाहीये."

"ओरडतोयस. मला दिसतं. ओरडलास की तुझं तोंड वेडंवाकडं होतं, शब्द वाचता येत नाहीत. वकिलांचं कळतं, लांब्याचं कळतं, रस्त्यावरच्या परक्या माणसाचंही अर्धंमुर्धं कळतं. तुझंच कळत नाही."

मी आवाज खाली आणला. सोपं नाही ते. म्हटलं, "चल. बारवर चल. एकतीस तारखेचं मी सोडून दिलं."

"कसली एकतीस तारीख?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली, काही नाही म्हणून. त्यानं मला खुर्चीवर बसवलं आणि दुसरी खुर्ची ओढून समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. एवढ्या जवळून मी त्याचा चेहरा कित्येक वर्षांत बघितला नव्हता. म्हातारा दिसायला लागलाय.

"येतो," तो म्हणाला. "पण आधी रविवारी काय म्हणालास ते सांग. वकील सांगत नाहीत. लांब्या सांगत नाही. हिला कळलंय, हीपण सांगत नाही. चाळीस माणसांना माहीत आहे आणि ज्याला म्हटलं त्याला नाही. तू सांग. हळू. माझ्याकडे बघून."

खोटं बोलता आलं असतं. ताटं चुकली म्हणून तापलो, एवढं म्हटलं असतं तरी त्यानं मानलं असतं, किंवा मानल्यासारखं केलं असतं. आतल्या दारात भावजय उभी होती. तिनं मला मानेनं नको म्हटलं. पण तो माझ्या ओठांकडे बघत होता आणि मला वाटलं, आता याला फसवलं तर याच्याकडे दुसरं काहीच उरत नाही.

सांगितलं. पोसला, ते सांगितलं. भांडी घासायचं सांगितलं. आचाऱ्याचं सांगितलं. रागात ही वाक्यं एका दमात निघाली होती, हळू बोलायला लागल्यावर एकेक शब्द मलाच पहिल्यांदा ऐकू येत होता. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, कळलं, पुढे, अशी. शेवटचं वाक्य बोलताना माझी मान खाली गेली.

त्यानं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

"शेवटचं कळलं नाही, दादा. परत सांग."

मी परत सांगितलं.